प्रस्तावना : रोजच्या चुलीचा जमाखर्च

मराठी भाषेत पाकशास्त्राच्या पुस्तकांची वाण नाही. संक्रांतीच्या गुळपोळीपासून दिवाळीच्या चकलीपर्यंत आणि केळवणाच्या ताटापासून बारशाच्या घुगऱ्यांपर्यंत सणासमारंभांचा सारा स्वयंपाक जाणत्या लेखिकांनी इतक्या तपशिलाने लिहून ठेवला आहे की, कोणा नवख्या गृहिणीस ऐन वेळी आजेसासूची उणीव भासू नये. परंतु वर्षातील जे बहुसंख्य दिवस ना सणाचे असतात ना सुतकाचे, ज्या दिवशी पाहुणा येणार नसतो, पगार होऊन पंधरवडा उलटलेला असतो, टोपलीत दोन बटाटे आणि एक सुकत चाललेले वांगे एवढीच शिल्लक असते, आणि घरातले प्रत्येक माणूस जेवायला मात्र वेळेवर येणार असते, त्या दिवसांविषयी ही पुस्तके बहुतेक मौन पाळतात. ‘आज भाजीला काय करू?’ हा प्रश्न मराठी घरांत रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा विचारणारीलाच द्यावे लागते. ज्याला विचारला तो ‘काहीही कर’ एवढे बोलून पुन्हा वर्तमानपत्रात डोके खुपसतो. प्रस्तुत पुस्तक या एका प्रश्नाच्या वाटेला गेले आहे, आणि त्यासाठी त्याने बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व त्याच्या आसपासच्या मुलखातील रोजचा स्वयंपाक आधाराला घेतला आहे.

रोजच्या स्वयंपाकाचा कंटाळा येतो तो पदार्थ थोडे ठाऊक असल्यामुळे किंवा पैसा अपुरा असल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. आणि या समजापोटीच कंटाळलेली गृहिणी नव्या पाककृतींच्या मागे लागते, दुकानातून चार बाटल्या व दोन पुड्या आणते, आणि महिन्याभरात त्या बाटल्या फळीवर मागे सारून पुन्हा बटाट्याच्या रश्श्याकडे वळते. माझ्या मते हे निदानच चुकले आहे. ज्या वऱ्हाडी घरांत पूर्वी दोन धान्ये, चार डाळी आणि बांधावरचा पाला यांपलीकडे काही नव्हते, तेथे ताट दर महिन्याला पालटत असे, कारण ते पालटण्याचे काम ऋतू करीत असे आणि एकाच डाळीला पाच रीतींनी वागविण्याचे ज्ञान हातांत होते. याउलट आज जेथे बारमाही तीच पाच भाज्यांची रास, तोच कुकर आणि तोच एका पुडीतला मसाला आहे, तेथे पदार्थांची नावे कितीही बदलली तरी जिभेला पालट जाणवत नाही. कंटाळ्याचे मूळ रीती विसरण्यात आणि ऋतूशी फारकत घेण्यात आहे. औषध यास्तव महाग असण्याचे कारण नाही.

लोणारचे नाव घेताच वाचकाच्या मनात प्रथम सरोवर उभे राहते, आणि ते योग्यच आहे. अशनिपाताने काळ्या कातळात पडलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा प्रचंड खळगा, त्यातील खारे व क्षारयुक्त पाणी, काठावरची देवालये, आणि कड्यावरून अखंड वाहणारी गोड्या पाण्याची धार, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अबुल फजलाच्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार मेहकर सरकारात दाखविले असून, तेथे काच व साबण यांना लागणारा माल निघतो आणि सोऱ्यापासून सरकारास वसूल येतो, अशी नोंद आहे. पाकशास्त्राशी याचा संबंध तो इतकाच की, उन्हाळ्यात पाणी आटून कडेला जमणारा हा खार मुख्यत्वे सोड्याचा, म्हणजे आपल्या पापडखाराच्या जातीचा आहे. आज सरोवर अभयारण्याच्या कायद्याखाली आहे, २०२० साली त्याचा पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला आहे, आणि खाराची गरज वाण्याच्या दुकानातून भागते. तेव्हा कोणी हे पुस्तक काखेत मारून सरोवराकडे टोपली घेऊन जाऊ नये.

पाकदृष्ट्या लोणारचे खरे महत्त्व त्याच्या जागेत आहे. हा कसबा वऱ्हाडात असला तरी मराठवाड्याची सीमा त्याला अगदी लागून आहे. पूर्वेला वाशीम, दक्षिणेला जालना, आणि याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मलकापूर ओलांडले की खानदेश. परिणामी येथल्या चुलीवर तीन मुलखांच्या रीती एकत्र नांदतात. मराठवाड्याचे धपाटे आणि येसर, खानदेशाचे वांग्याचे भरीत आणि डाळ घालून घोटलेली हिरव्या मिरच्यांची भाजी, वऱ्हाडचे रोडगे, पातोडीचा रस्सा आणि अंबाडी, ही सारी एकाच घरात, एकाच आठवड्यात शिजू शकतात, आणि कोणती कोठली हे खाणाराला सांगता येत नाही. कोकणात नारळाने जे काम होते ते येथे जवस, तीळ, कारळ आणि शेंगदाणे करतात. पुण्याकडे चिंच-गुळाने आमटीला जी गोडसर चव येते ती येथे कोणी अपेक्षितही नाही. आणि कोल्हापूरकरांना जर असे वाटत असेल की तिखटाचा इजारा सर्वस्वी त्यांचाच आहे, तर त्यांनी एकदा मेहकर-लोणारकडचे रावण पिठले खाऊन पाहावे.

या विषयाच्या लेखनाचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट ध्यानात येते की, अन्नाविषयी लिहिणारे दीर्घ काळपर्यंत राजाच्या ताटाकडेच पाहत राहिले. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, अन्नभोगाचा स्वतंत्र भाग आहे आणि त्यात मांडे, वडे आणि मांसाचे नाना प्रकार आहेत; सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठी राज्यात रघुनाथ पंडिताने ‘भोजनकुतूहल’ रचले, त्यात पदार्थांच्या जोडीने त्यांचे आयुर्वेदोक्त गुणदोषही सांगितले. छापखाने आल्यावर हे ज्ञान दरबारातून माजघरात उतरले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले, आणि १९१० च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले, ज्यात मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या समृद्ध स्वयंपाकघराचा थाट दिसतो. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले, आणि वाटी-चमच्याच्या मापाने प्रमाण सांगण्याच्या त्याच्या साध्या युक्तीने लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींच्या पिढ्यांना हात दिला. आजही एखाद्या मुलीच्या पहिल्या बिऱ्हाडात तेलाचे डाग पडलेली ‘रुचिरा’ आढळते, आणि तिच्या लौकिकाला याहून अधिक प्रमाणपत्र नको.

या गृहिणीशिक्षणाच्या परंपरेला समांतर असा आणखी एक प्रवाह आहे, तो पोषणशास्त्राचा. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून पोषणतज्ज्ञ ॲक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांची पोषणमूल्ये सांगणारी पुस्तिका काढली, आणि तेव्हापासून शाळा-कॉलेजांतील गृहविज्ञानाच्या वर्गांत अन्नाकडे कोष्टकांतून पाहण्याची सवय लागली. ही दृष्टी उपयुक्त खरी; ज्वारीत जे प्रथिनांश उणे पडतात ते डाळीत मिळतात आणि डाळीत जे कमी असतात ते धान्यात मिळतात, हे तिनेच सप्रमाण दाखविले, आणि भाकर-वरणाच्या जोडीमागची पूर्वजांची समज त्यामुळे अधोरेखित झाली. परंतु कोष्टक वाचून कोणाच्या तोंडाला पाणी सुटल्याचे ऐकिवात नाही. दुर्गाबाई भागवतांनी ‘खमंग’मध्ये पाककृतीला लोकसंस्कृतीच्या अभ्यासाची जोड देऊन ही उणीव काही अंशी भरून काढली.

आणि अगदी अलीकडे, २०१५ मध्ये, शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने या साऱ्या परंपरेला एक खडा सवाल केला. मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यजीवनाचे जे चित्र त्यांनी रेखाटले, त्याने दाखवून दिले की ज्याला आपण मराठी पाकशास्त्र म्हणत आलो ते थोड्या घरांचे पाकशास्त्र होते; ज्यांच्या वाट्याला तेलाचा थेंब आणि उरलेसुरलेच आले, त्यांनी त्यातून काय शिजविले हे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. स्वस्त स्वयंपाकावर लिहिणाराने हे पुस्तक वाचल्यावाचून लेखणी उचलू नये असे माझे प्रांजल मत आहे, कारण ‘साधेपणा’चे कौतुक करणे भरल्या पोटी फार सोपे असते.

कौतुकाचा हा मोह वऱ्हाडाच्या बाबतीत विशेष सांभाळावा लागतो. कोंड्याचा मांडा करून खाण्याचे कौशल्य या मुलखाने हौसेने संपादन केलेले नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडात माणसे व गुरे यांची जी दैना केली तिच्या कहाण्या पुढच्या पिढ्यांनीही ऐकल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांवर सुकडी पडली आणि अमेरिकेहून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी लोकांनी नाके मुरडीत का होईना, पण खाल्ल्या. पाला शिजवून त्यात मूठभर कण्या घालण्याची रीत चवीसाठी जन्मली नाही; थोडे धान्य पुष्कळ तोंडांना पुरवायचे होते म्हणून ती जन्मली, आणि पुढे चव तिला येऊन मिळाली. शेगावी गजानन महाराजांचे प्रथम दर्शन १८७८ साली झाले ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या प्रसादात आजही पिठले-भाकर आणि अंबाडीची भाजी यांना जो मान आहे तो पाहता, या जिल्ह्याने गरिबीच्या अन्नाला देव्हाऱ्यापर्यंत नेले असेच म्हणावे लागते. इतरत्रही असे घडले आहे. इटलीतील शेतकऱ्यांचे शिळ्या पावाचे आणि पावट्याचे जेवण आज मोठ्या उपाहारगृहांत मिरवते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या अन्नखात्याने मांसाऐवजी कंदमुळे भरलेला ‘पाय’ (pie) हा पदार्थ लोकांच्या गळी उतरविला. मात्र युद्ध संपताच इंग्रजांनी तो टाकला, आणि वऱ्हाडी माणसाने सुबत्ता आली तरी अंबाडी टाकली नाही, हा फरक चवीचा आहे.

आता या स्वयंपाकाची घडण पाहू. वऱ्हाडी रोजचे जेवण धान्य, डाळ, पाला, आंबट आणि तेल-तिखट या पाच अंगांच्या जुळणीवर उभे असते, आणि यांतील कोणतेही एक अंग बदलले, किंवा तेच ठेवून रीत तेवढी बदलली, की ताट निराळे होते. तुरीची डाळ शिजवून घोटली तर वरण, त्यात कैरी पडली तर आंबट वरण, पालक पडला तर डाळभाजी, कणकेच्या कातलेल्या चकत्या सोडल्या तर चिकोल्या; हीच डाळ न शिजविता भिजवून वाटली तर फुणके. हरभऱ्याच्या पिठाची तर गणतीच नाही: पातळ पिठले, कोरडा झुणका, गाठी ठेवलेले पिठले, थापून कापलेल्या पातोड्या आणि त्यांचा तर्रीदार रस्सा, आणि भाताबरोबर वाफवलेले भरड्याचे गोळे.

फुणक्यांपाशी क्षणभर थांबणे इष्ट आहे, कारण या पुस्तकाचा सारा रोख त्या एका पदार्थात दिसतो. दोन वाट्या तुरीची डाळ, हवी तर तीत मूठभर हरभऱ्याची, चारेक तास भिजत घालावी. पाणी पूर्ण निथळून ती लसूण, हिरव्या मिरच्या आणि जिऱ्यासह जाडसर वाटावी, इतकी जाडसर की बोटांना रवाळ लागली पाहिजे, कारण गुळगुळीत वाटलेल्या डाळीचे फुणके चिकट आणि गच्च होतात. बारीक चिरलेला कांदा, वऱ्हाडात जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर, हळद आणि मीठ घालून मुठीत दाबून लांबट मुटके करावेत आणि तेलाचा हात लावलेल्या चाळणीत ठेवून वीस मिनिटे वाफवावेत. झाकण काढल्यावर सुरीचे टोक खुपसून पाहावे; ते कोरडे निघाले म्हणजे झाले. खाताना मुटका ताटात फोडायचा, त्यावर कच्च्या तेलाची धार सोडायची आणि वर गरम कढी ओतायची. तळण नाही, मसाल्याचा खर्च नाही, आणि डाळीच्या दर शंभर ग्रॅमांत वीस-बावीस ग्रॅम प्रथिन असल्यामुळे पोटाला आधार भक्कम. उरलेले मुटके दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून कांद्याच्या फोडणीत परतले की मुलांचा डबा झाला, आणि डबा उघडणाऱ्याला कालचे जेवण ओळखू येत नाही. एकदा भिजविलेल्या डाळीतून दोन वेळांची, आणि एकमेकांशी साम्य नसलेली, जेवणे निघतात. कंटाळ्यावर याहून स्वस्त तोडगा मला ठाऊक नाही.

अंबाडीत वेगळी युक्ती आहे, आणि ती न कळल्यामुळे शहरातल्या पुष्कळ मुली एकदा भाजी करून पुन्हा तिच्या वाटेला जात नाहीत. अंबाडीचा पाला अतिशय आंबट; तो डाळ आणि कण्यांबरोबर एकत्र कुकरात टाकला तर डाळ टणक राहते, कारण आम्लात डाळीचे कवच आणि गर लवकर मऊ होत नाहीत. म्हणून डाळ व ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवायच्या, पाला उकडून त्याचे पहिले पाणी टाकायचे, आणि मग सारे एकत्र घोटायचे. वरून लसणाची आणि सुक्या मिरचीची खमंग फोडणी. चिंच, कोकम, टोमॅटो, कैरी यांनाही हाच नियम लागू आहे. याच्या नेमके उलट काम खार करतो: चिमूटभर सोडा पडला की हट्टी डाळ झटकन शिजते, परंतु त्यामुळे डाळीतील ब जीवनसत्त्वाचा नाश होतो, तेव्हा इंधन वाचविण्याच्या भरात ही सवय लावून घेऊ नये, त्याऐवजी डाळ अर्धा तास आधी भिजविणे केव्हाही चांगले.

ऋतूचे काम कसे चालते तेही नवख्या वाचकास सांगितले पाहिजे. मृगाच्या सरी पडताच बांधावर तरोट्याची कोवळी पाने येतात, पाठोपाठ घोळ आणि केना, श्रावणात कटुर्ली, आणि पिकांच्या ओळींत पेरलेली अंबाडी दसऱ्यापर्यंत पुरते. थंडीत हरभऱ्याचा शेंडा खुडून त्यात कांदा, तिखट आणि कच्चे तेल कालवले की घोळाणा होतो, ज्याला चूल पेटवावी लागत नाही. तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले वांग्यात, भातात आणि आमटीत पडतात. उन्हाळ्यात शेत उघडे पडले की चिवळ आणि कांदा उरतो, आणि मग पौषात वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला, मुगवड्या आणि खारोड्या बाहेर निघतात. ज्याला या क्रमाची सवय झाली आहे तो भाजीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर बाजारात पाऊल टाकतानाच मिळवितो, कारण जे त्या आठवड्यात ढिगाने आले आहे तेच स्वस्त असते आणि तेच चवीचे असते. तरोटा किंवा चिवळ नागपुरात मिळेल, पुण्यात मिळेलच असे नाही. परंतु चाकवत, शेपू, माठ आणि तांदुळजा यांवर त्याच रीती तितक्याच चांगल्या चालतात.

हे सारे आजच लिहून ठेवण्याची निकड का, असा प्रश्न कोणी करील. त्याचे एक कारण शेतातच आहे. मागील काही दशकांत या जिल्ह्यातील ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. ते व्यापाऱ्याकडे जाते, तेथून गिरणीत जाते, आणि पिकविणाऱ्याच्या ताटात तेलाच्या पिशवीवाटे परत येते. दुसरीकडे शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ मिळतात, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते अत्यल्प दराने आणि २०२३ पासून मोफत मिळू लागले, आणि गरिबाची म्हणून हिणविली गेलेली ज्वारी बाजारात पुष्कळदा गव्हाहून महाग झाली. राज्यसरकारच्या दोन योजनांतूनही हा पालट दिसतो: १९९५ साली गरिबाला एक रुपयात द्यायची म्हणून निवडली गेली ती झुणका-भाकर, २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली तेव्हा तीत चपाती, भाजी, वरण आणि भात होता. पंचवीस वर्षांत भाकर स्वस्त जेवणाच्या यादीतून उठली. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले हे खरे, पण त्याने भाकर मोठ्या शहरांतील आरोग्यनिष्ठ लोकांच्या टेबलावर अधिक गेली, लोणारच्या मजुराच्या टोपल्यात कमी.

म्हणून या पुस्तकाने जुन्या पदार्थांचे संग्रहालय उभारण्याचे टाळले आहे. ज्वारी परवडते तेथे भाकर अवश्य करावी. परंतु ज्या घरात शिधावाटपाचा गहू आणि तांदूळच पडून आहेत, त्यांना वऱ्हाडी रीतीच त्या धान्यांवर चालविता येतात हे दाखविण्यावर येथे अधिक भर आहे. जाडसर कणीक कांद्याच्या फोडणीत खमंग भाजून, ताकाचा किंवा पाण्याचा हबका देत वाफवलेली उकडपेंडी पाऊण तासाच्या पोळ्यांऐवजी पंधरा मिनिटांत चौघांचे पोट भरते. चिकोल्यांत वरण आणि पोळी एकाच गंजात शिजतात. गोळाभाताला भाजी लागत नाही.

येथे मी एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो, जिच्याकडे काटकसरीच्या पुस्तकांनी सहसा काणाडोळा केला आहे. आपण एखादा पदार्थ स्वस्त म्हणतो तेव्हा फक्त किराण्याचा हिशेब धरतो. चुलीत पऱ्हाटी आणि तुराट्या जळत होत्या आणि घरात राबणारे हात फुकटचे समजले जात होते तोवर हा हिशेब खपून गेला; पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईची झोप कोणी खर्चाच्या रकान्यात मांडली नाही. आज सिलिंडरला रोख पैसे पडतात, आणि बाई शाळेत, दवाखान्यात, बँकेत किंवा दुसऱ्याच्या शेतात दिवसभर काम करून परतलेली असते. तेव्हा जो पदार्थ दहा रुपयांचा पण दोन तास उभे करणारा, तो या पुस्तकाच्या जमाखर्चात महागच ठरला आहे. या कसोटीवर काही सुंदर पदार्थ गळाले. गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे रोडगे येथे नाहीत. पुरणाचे मांडे तर नाहीतच. ते सणाला, जत्रेला, पंगतीला करावेत, दहा हात लागले की त्यांची गोडी वाढते. एकट्या बाईवर मंगळवारी ते लादू नयेत. आणि हे पुस्तक फक्त बायकांनी वाचावे अशीही अपेक्षा नाही. बुलढाणा जिल्ह्यातील असंख्य मुले पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई येथे शिकण्यासाठी अथवा नोकरीसाठी खोल्या करून राहतात, एक शेगडी आणि दोन भांडी यांवर त्यांचा प्रपंच चालतो, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर मेसचे पैसे जड जातात. त्यांपैकी पुष्कळांनी आईला फोन करून पिठल्याचे प्रमाण विचारलेले असते आणि ‘अंदाजाने टाक’ एवढेच उत्तर मिळविलेले असते. आयांचा तो अंदाज येथे वाटीत मोजून दिला आहे.

रचनेविषयी दोन शब्द. पदार्थांची मांडणी भाजी, आमटी, भात अशी केलेली नाही. डब्यात काय शिल्लक आहे, यावरून ती केली आहे, कारण दमून घरी आलेला माणूस प्रथम डबेच उघडून पाहतो. ज्याच्याकडे फक्त बेसन आणि कांदा आहे त्याने त्या भागाकडे वळावे, ज्याच्याकडे कालच्या चार भाकरी उरल्या आहेत त्याने कुस्कऱ्याच्या भागाकडे. प्रत्येक कृतीशेजारी लागणारा वेळ आणि शेगडी किती वेळ पेटती राहते हे निराळे दाखविले आहे, कारण डाळ भिजण्याचा वेळ गृहिणीचा जात नाही, गॅसही जळत नाही. मांसाहार आहे, पण थोडा. या मुलखात तो आठवड्यातून एखाद्या दिवसाचा असतो आणि तितकाच येथे आला आहे. गोड पदार्थ जवळजवळ नाहीत.

कृतींतील प्रमाणे चार माणसांच्या एका वेळच्या जेवणासाठी असून वाटी मध्यम, आमटीची, धरावी. मीठ ज्याच्या त्याच्या चवीचे. तिखट मात्र जसे लोणारला पडते तसेच लिहिले आहे, त्यात पुण्या-मुंबईसाठी सूट दिलेली नाही. ज्यांना सवय नसेल त्यांनी पहिल्या खेपेस निम्मे घालावे आणि ताकाचे भांडे जवळ ठेवावे.